सुनावणीच्या बाकावर

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या विधानभवनात, सुनावणीच्या दालनाबाहेर निवृत्त शिक्षिका इमोजेनबाई आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. मोठ्या इस्पितळाने लहान इस्पितळ विकत घेण्याआधी राज्याची परवानगी घ्यावी, असा कायदा येऊ घातला होता; त्यावर आत लोकांचं म्हणणं ऐकून घेत होते. त्याच बाकावर एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

"ट्वायला, अजून वेळ आहे. घरी चल."

"एवढ्या बर्फातून गाडी हाणली ती काय इथली कॉफी प्यायला?"

"आत आधी नाव सांगावं लागतं, मग गाव. सगळ्यांसमोर."

"मग? माझ्या नावाला काय झालंय?"

"माझं डायलिसिस त्या मोठ्या इस्पितळातच होतं, बाई. दुसरीकडे सोय आहे कुठे?"

"म्हणून तर बोलायचं, वेंडेल. शेजारचं छोटं इस्पितळही त्यांनी घेतलं, की ते म्हणतील तो दर."

"ते भांडणार नाहीत गं. गोड आवाजात म्हणतील, 'या आठवड्यात डायलिसिसची खुर्ची रिकामी नाही.' मग मी काय करू?"

ते ऐकून इमोजेनबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात त्याच इस्पितळाचा बिल्ला लावलेली एक बाई समोर येऊन बसली आणि हसली.

"लांबून आलात? कुठलं गाव?"

"बिलिंग्ज," वेंडेल घाईने म्हणाला.

"खोटं बोलतोय. आम्ही पाइन फोर्डचे. मी ट्वायला रस्टॅड, हा माझा नवरा वेंडेल. दर मंगळवारी तुमच्याकडे खिडकीजवळच्या खुर्चीवर असतो."

"अगं, काय करतेस!"

"नीट बघून ठेवू दे त्यांना. आणि मंगळवारी खुर्ची मिळाली नाही, तर कुणाला विचारायचं तेही कळू दे. तुमचं नाव काय म्हणालात, ताई?"