कंस बंद करायचा राहिला

...आणि वर म्हणतात, सोपं आहे! कुणाला सोपं? तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधते. राहिलेला अनुस्वार, उलटं पडलेलं अवतरणचिन्ह, मला लांबून दिसतं. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी चुका काढते, मग लग्न कोणाचं ते बघते. आणि एके सकाळी मालक म्हणाले, आता चुका संगणक काढणार. मग आम्ही काय करायचं? तर म्हणे प्रोग्रॅमिंग शिका, सहा आठवड्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा, पास होतील ते नव्या विभागात. आणि बाकीचे? ‘बाकीच्यांचं बघू.’ आता हे ‘बघू’ कसलं असतं ते काय मी तुम्हाला सांगायला हवं? घरी हे दोन वर्षं गुडघा धरून बसलेले, मुलगी कॉलेजात, घर माझ्या एकटीवर. मुलीला सांगितलं तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “आई, सोपं आहे गं.”

वर्ग कुठे, तर माळ्यावरच्या कागदाच्या गोदामात. आम्ही सहा जण आणि शिकवणारी मुलगी पंचवीस वर्षांची. गुणी हो, आवाज चढवत नाही, पण पहिल्याच दिवशी म्हणाली, “मावशी, व्हेरिएबल म्हणजे डबा. डब्यावर नाव लिहायचं, आत काहीतरी ठेवायचं.” म्हटलं एवढंच ना, माझं निम्मं आयुष्य डबे भरण्यात गेलंय! मग तिनं फळ्यावर लिहिलं, क्ष बरोबर क्ष अधिक एक. माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. म्हटलं, बाई, हे चूक आहे, क्ष हा क्षपेक्षा एकानं मोठा कसा असेल? तर ती समजावते, इथे ‘बरोबर’ म्हणजे बरोबर नाही, ‘ठेवा’ असं वाचायचं. आता सांगा, ‘बरोबर’ म्हणजेच बरोबर नाही अशा ठिकाणी माझ्यासारखीनं जायचं कुठे? आणि ही म्हणते, सोपं आहे.

माझ्या शेजारी समासराव. मजकूर पानावर मांडतात, आयुष्यभर पानाच्या कडेच्या समासाची मापं सांभाळली म्हणून हे नाव. बावीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दुसऱ्या आठवड्यात लूप आला, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करून घ्यायचं. दहा वेळा ‘नमस्कार’ उमटवा म्हणाली. समासरावांनी बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, कळ दाबली, आणि पडद्यावर नमस्कार, नमस्कार, नमस्कार... शंभर झाले, हजार झाले, मशीन थांबेचना. मागचे हसायला लागले, मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. शिकवणारी मुलगी येऊन शांतपणे म्हणाली, “काका, थांबायचं कधी ते तुम्ही सांगितलंच नाही.” समासराव पडद्याकडे बघत बसले. मग चष्म्याची घडी घातली, डबा पिशवीत घातला आणि मला हळूच म्हणाले, “नव्या भाषेत चुका करायचं माझं वय नाही राहिलं.” जिना उतरून गेले ते पुन्हा वर्गात आले नाहीत. मशीन तसंच नमस्कार घालत होतं. ते मला बंद करता येईना.

त्यानंतर माझं हसणं संपलं. तिसऱ्या आठवड्यात ‘जर’ आणि ‘नाहीतर’ आलं. जर अमुक असेल तर हे करा, नाहीतर ते करा. मी विचारलं, ‘नाहीतर’मध्ये लिहायला काहीच नसेल तर? म्हणाली, “मग ते गाळायचं. काही होत नाही.” म्हटलं, बाई, तुझं वय पंचवीस, तुझ्या ‘नाहीतर’मध्ये काही होत नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती तासभर लवकर यायला लागली, माझ्यासाठी. तेव्हापासून सोपं आहे म्हणायचीही थांबली. मला तर जास्तच भीती वाटली!

परीक्षेत माझा प्रोग्रॅम चालेना. मशीन म्हणतं, चौदाव्या ओळीत चूक. चौदावी ओळ मी वीस वेळा वाचली, स्वच्छ. दहा मिनिटं उरली. मग आम्ही मुद्रितं वाचतो तशी शेवटच्या शब्दापासून उलटी वाचत निघाले, चौदा सोडून तेरावर आले... कंस उघडलेला, बंद केलेलाच नाही! सव्वीस वर्षं लोकांचे कंस मिटले मी, आणि स्वतःचा... मिटला. चाललं. चाळीसला पास, मला एक्केचाळीस.

निकाल सांगायला समासरावांना फोन केला. ‘शाब्बास’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मालकांनी बोलावलं, अभिनंदन केलं, आणि म्हणाले, फक्त एक आहे, ही भाषा आता जुनी झाली, नव्या विभागात दुसरी वापरायची ठरलंय, सोमवारपासून वर्ग, पण तुम्हाला आता काय... “सोपं आहे!”

तुम्हाला सांगते, मी वाद घातला नाही. येताना वही घ्यायला दुकानात थांबले. दुकानदारानं विचारलं, “नातवासाठी का? कितवीत आहे?”

म्हटलं, “पहिलीत. दुसऱ्यांदा.”