हुळेमनेची तार आणि विशालाक्षक्का

आदरणीय अध्यक्ष विघ्नेश्वर भट मास्तर, व्यासपीठावर विराजमान असलेले शिरसीचे साहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आमच्या विशालाक्षक्का, टेलिफोन एक्स्चेंजमधले लाईनमन बंधू, आणि फोन बंद पडला की पहिली धाव इथे घेणारे बागायतदार मित्रहो, हुळेमनेच्या तिरुमलेश्वर हेगड्याचा सर्वांना नमस्कार.

खरं सांगायचं तर मी भाषणाला आलोच नव्हतो, तक्रार द्यायला आलो होतो. बघतो तर खिडकी बंद, आत सतरंज्या आणि हार. मास्तरांनी दंड धरला. म्हणाले, "आलाच आहेस तर ग्राहकांच्या वतीने दोन शब्द बोल." तेव्हा मी सारखा घड्याळाकडे बघतोय म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नका. अकरा वाजायला आलेत, एवढंच.

अक्कांनी तक्रारींच्या खिडकीत उभा जन्म काढला. काय काय विचारलं आपण त्यांना! लाईट गेली तरी फोन कसा चालतो? पावसाळ्यात खरखर का येते? घर बदललं तर नंबर तोच राहील का? आमचे शेजारी एकदा म्हणाले, "मी बागेत असताना फोन आला, तर मला कळणार कसं?" अक्का म्हणाल्या, "घरी बायको असते ना? तिच्याशी अधूनमधून बोलत जा."

आणि एक प्रश्न तर आपण सगळ्यांनी विचारलाय. बाहेरून फोन करणाऱ्याला घंटा ऐकू येते, घरात मात्र वाजत नाही, असं कसं? अक्का न कंटाळता सांगायच्या, तार तुटली तरी करणाऱ्याच्या कानात घंटा वाजतच राहते. ती इथलं मशीन ऐकवतं, तुमचं घर नव्हे. त्या बिचाऱ्याला वाटतं, माणसं घरात आहेत आणि मुद्दाम उचलत नाहीत. आज मला हे माहीत नसतं तर फार बरं झालं असतं.

माफ करा, विषय सुटतोय. साहेबांनी अक्कांच्या सेवेबद्दल फार सुंदर सांगितलं. मी काय सांगत होतो?

जाऊ दे, सांगूनच टाकतो. माझी मुलगी भुवना आपल्या पसंतीने लग्न करून म्हैसूरला गेली, हे या सभागृहात कुणाला माहीत नाही? तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. परवा पुतणी विनुता तिचा निरोप घेऊन आली. आज अकरा वाजता भुवना फोन करणार. अप्पांनी उचलला तर ठीक, नाही उचलला तर ती पुन्हा कधी त्रास देणार नाही.

आणि नेमकी आज सकाळी सुपारीची काढणी. पोफळीवर नवा गडी. घड खाली सोडायचा दोर आणि फोनची तार शेजारी शेजारी. पठ्ठ्याने दोर समजून घड तारेवरून सरकवला. हसा, हसा. दुसऱ्याच्या बागेत घडलं असतं तर मीही हसलो असतो. तार तुटून ओढ्यात पडलीय. आमची मंडळी फोनशेजारी पाट मांडून बसलीय. उचलते, कानाला लावते, ठेवते.

बंगार्या, तू लाईनमन आहेस, तूच सांग. किती वेळ? संध्याकाळ? ओढ्याला पाणी आहे म्हणे. बरं.

अकरा वाजले. आत्ता म्हैसूरला तिच्या कानात घंटा वाजत असेल. मला इथे उभं राहवत नाही, आणि घरी जाऊन तरी काय करू?

अक्का काही म्हणतायत. माईकवर या अक्का. ऐकलंत? विचारतायत, "हेगडे, तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?" आहे. विनुताने दिलाय, खिशात आहे. "मग माझ्या टेबलावर फोन आहे. लावा की." अक्का, फोन तिने करायचा असं ठरलंय. "ती करतेच आहे. तुम्ही कधी लावलात?"

मंडळी, इतकी वर्षं मी त्या खिडकीवर भांडलो की म्हैसूरहून फोन येत नाही, माझी लाईन तपासा. अक्कांनी दर वेळी तपासली. दर वेळी ती चांगली निघाली. आणि मी मात्र एकदाही लावला नव्हता.

अध्यक्ष महाराज, भाषण अर्धंच सोडतो. अक्का, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आयोजकांनी मला बोलायला लावलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. म्हैसूरलाही आता हेच सांगायचं आहे.

पण अक्का, तीही लावतच असेल. एंगेज लागला तर?

अक्का म्हणतायत, "तर परत लावा. आम्ही जेवायचे थांबतो."