चांदणीवाली कोळंबी

तुम्ही विचारत होतात ना, क्रूझवर जेवायला काय मिळतं? सगळं मिळतं, तेही तिकिटातच. धर्माबादहून निघाल्यापासून आमचे काका हेच सांगत होते.

डायनिंग हॉलमध्ये काका, काकू आणि मी बसलो. आमच्याच टेबलावर एक अनोळखी जोडपं होतं. मेनूत मोठ्या कोळंबीपुढे छोटी चांदणी छापलेली होती. ती कशासाठी, म्हणून मी खालची बारीक अक्षरं वाचू लागले. तोवर काकांनी त्या जोडप्याला आग्रह सुरू केला.

"अहो, कोळंबी घ्या की! लाजता काय? आमच्याकडं पाहुणा असा उठत न्हाई."

"काका, ती चांदणी..."

"तू बी घे गं पोरी!"

पाच प्लेटी सांगून झाल्या. वेटरने कागद पुढे केला. "सर, चांदणीवाल्या पदार्थाचे पैसे वेगळे. इथे सही करा."

ते गृहस्थ ओशाळले. "राहू द्या हो, आम्ही वरण-भात घेतो."

आता काकांच्या शब्दाचा प्रश्न होता. "छे छे, तुम्ही घ्यायचीच!" म्हणत त्यांनी पाचाचे चार केले आणि सही ठोकली. "मला वरण-भात आणा. आज माझा शनिवार हाय."

सकाळी त्यांनी दोन आम्लेटं खाल्ली होती. या वेळी मात्र मी मुद्दाम गप्प बसले.