जोडीतला राजा

नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या गोलूसाठी बाहुल्या घ्यायला तंजावरच्या दुकानात रांग लागली होती. माझ्यापुढे एक आई आणि तिची लेक मराठीत बोलत होत्या.

"पायऱ्या नकोत या वर्षी, आई. जेवायच्या टेबलावर मी तुझी मोरपंखी रेशमी पट्टूसाडी पसरते, तिच्यावर बाहुल्या मांडू. मधोमध मी भाजलेला नारळाचा केक."

"मांड की. वर्षभर घरात सण नव्हता. मला फक्त एक लाकडी राजा घेऊन दे."

"आपली राजा-राणीची जोडी आहे ना पेटीत? तुझ्या लग्नातली."

"राणी आहे."

"पण दुकानदार म्हणतात, जोडीच मिळते. एकटा राजा देत नाहीत."

"मग जोडी घे. राणी त्यांना परत दे."

"आई, आपला राजा कुठे गेला?"

"तुझ्या बाबांना नेलं ना, तेव्हा शेल्याखाली त्यांच्या हाताशी ठेवला."

"कुणाला बोलली नाहीस."

"बोलले असते तर ठेवू दिला असता का?"

"बरं. हा बघ, हा राजा चांगला आहे. याला बसवू राणीशेजारी?"

"दाखव. लाकूड छान आहे. नको, परत ठेव शांभवी."

"का गं?"

"जन्मभर त्याच्याशेजारी बसली. दुसऱ्याशेजारी नाही बसायची ती."

"मग एकटीलाच बसवू, केकजवळ?"

"एकटीला बसवत नाहीत. दसऱ्याला संध्याकाळी गोलू संपला म्हणून आपण तिला आडवी निजवतो ना, तशी या वर्षी पहिल्याच दिवशी निजव."