पाटावर बसून प्रकाशाच्या वेगानं

…आणि वर हे मलाच विचारतात, "दिवसभर केलंस काय?" आता काय सांगू! तुम्हाला सांगते, गेल्या आश्विनात मी चौलच्या शितळादेवीला नवस बोलले होते, की बाई, आमच्या ह्यांची बोट सुखरूप बंदराला लागू दे, तोवर मी ओटीवरच्या पाटावरून हलणार नाही. पहाटे यायची बोट, बाकीच्या सगळ्या आल्या, वारं सुटलेलं, ह्यांचा फोन लागेना… बसले! आणि बसल्याबरोबर आठवलं, दूध गॅसवर! उतू गेलं, करपलं, आळीभर वास. मांजर आलं, माझ्यादेखत सुके बोंबील घेऊन गेलं, मी नुसतं "शुक् शुक्"! शेजारची भागुबाई कुंपणावरून, "काय गो, पाय मोडलाय काय? बंदराव जाऊन बघ तरी!" पण जागची हलले नाही!

मग आमची लेक प्राप्ती आली, अलिबागच्या कॉलेजात फिजिक्स शिकते. नवस ऐकून डोळे मोठे केले. "हलत नाहीस? आई, तू प्रकाशाच्या वेगानं चालली आहेस!"

मी पाट घट्ट धरला. "कुठं?"

"उद्याकडे! हे बघ, बाबांची बोट समज. मशीन एकाच वेगावर. सरळ पश्चिमेला नेली तर सगळी चाल पश्चिमेला. जरा दक्षिणेला कलवली, की पश्चिमेला जाणं तेवढं घटलं. बरोबर?"

बरोबर. कोळ्याच्या बायकोला हे काय सांगायचं!

"जगातलं सगळंच असं एका ठरल्या वेगानं, प्रकाशाच्या वेगानं चाललंय, जागा आणि काळ मिळून. पश्चिमेच्या ठिकाणी काळ धर, दक्षिणेच्या ठिकाणी जागा. तू बसलीस, तुझी सगळी चाल काळात. बाबा पाण्यावर पुढं सरकतात, त्यांची थोडी चाल जागेत जाते, म्हणून त्यांचं घड्याळ तुझ्यापेक्षा हळू. अगदी एवढुसं, मोजताही येणार नाही इतकं."

"म्हणजे माझा नवस मोडला?"

"नाही गं, जागची हलली नाहीस."

"आणि काळात?"

"काळात कुणालाच थांबता येत नाही, आई. तुलाही नाही, बाबांनाही…"

बोलता बोलता फोन लावत होती, अठराव्यांदा की विसाव्यांदा. तेव्हा ध्यानात आलं, एवढी का बडबडतेय ते. म्हटलं, ये, बस कडेला. मग दोघी चाललो… उद्याकडे! जागच्या न हलता!

दुपार कलली आणि भागुबाईची हाक, "आली गो आली! दुसऱ्या बोटीनं ओढून आणली तुझ्या काळूरामची बोट!" बोटीच्या पंख्यात जाळं अडकून मशीन बंद पडलेलं. प्राप्ती धावली, अख्खी आळी धावली, मी उठायला गेले तर… पाय! दोन्ही बधिर! नवस फिटला आणि मला हलताच येईना!

हे दारात आले, अंगावर मीठ वाळलेलं. मी रडतेय, देवीला हात जोडतेय, म्हटलं, "तुम्ही माझ्यापेक्षा एवढुसे तरुण राहिलात हो!" ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आत काळ्या पातेल्याकडे. "दिवसभर नुसती बसलीस? च्या तरी टाकायचा!"

प्रकाशाचा वेग, आणि म्हणे नुसती!

असो. तुमचंही कुणी पाण्यावर असेल, रस्त्यावर असेल, तर तुम्हीसुद्धा असा नवस बोला हो, देवी ऐकते. फक्त बसण्याआधी गॅस बंद करा.