ओले दगड, कोरडं वजन

सुताच्या गोदामात तीस वर्षं कारकुनी केल्यावर माणूस दगडाला पण 'हो शेठ' म्हणतो. मी तर दगडांच्या बाबतीतच म्हणालो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नारपोलीच्या आमच्या शेठना केबिनमध्ये समुद्राचे मासे पाळायचे होते. काचेची टाकी आली, खारं पाणी भरलं. मुंबईचा दुकानदार म्हणाला, "एवढ्या टाकीला वीस किलो जिवंत दगड लागतील. त्यांच्यातले बारीक जीव पाणी साफ ठेवतात." ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याने दगड पाठवले.

शेठनी गोणपाटाला हात लावला. "गायकवाड, ये तो गीला है. गीले सूत का वजन लेते हैं क्या हम?"

"नाही शेठ."

"मग सुकवा."

दगडात जीव आहेत, उन्हात मरतील, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "हो शेठ."

दोन दिवस गच्चीवर कडक ऊन दिलं. काट्यावर अठरा किलो भरले. शेठ खूश. "देखा? दो किलो पानी बेच रहा था!" दुकानदाराकडून आणखी दगड मागवले, तेही सुकवून काट्यावर पुरे वीस किलो केले. वीस किलो टाकीत रचून दोन नारिंगी मासे सोडले.

तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये उभं राहवेना, इतका वास. दोन्ही मासे पाण्यावर आडवे. शेठनी नाकाला रुमाल लावून टाकीत डोकावलं.

"गायकवाड, पत्थर पूरे बीस किलो थे ना?"

"पूरे बीस, शेठ. एकदम सूखे."