अस्लमला न दिलेली खूण

मंडळी, जरा पुढं सरका, मागं माणसं उभी आहेत. आज मी एक प्रश्न घेऊन आलोय, आणि त्याचं उत्तर मनात आल्याशिवाय कुणी प्रसादाच्या रांगेकडं बघायचं नाही! प्रश्न साधा आहे. आपण म्हणतो ना — घर मी बांधलं, पोरं मी शिकवली, दुकान मी नावारूपाला आणलं. तर त्यातला 'मी' नेमका किती?

आता तुम्ही मनात म्हणाल, बुवा रावणाचा गर्व काढणार. नाही! आज मी क्रिकेटची गोष्ट सांगणार. बघा, मागच्या तरुणांनी मोबाइल खिशात घातले! आणि या पुढं बसलेल्या आक्का माझ्याकडं अशा बघतायत, जणू बुवांना ऊन लागलंय. आक्का, देव मैदानातपण असतो हो. शेवटच्या षटकात त्याला जेवढ्या हाका जातात, तेवढ्या इथं सप्ताहात जात नाहीत.

तर ऐका! कोल्हापूरचा एक गडी. नाव रणधीर इंगवले. काम काय? लेगस्पिन गोलंदाजी. चेंडू असा सोडायचा, की टप्पा पडला की तो वळायचा. पण त्याच्याकडं आणखी एक होता — गुगली. धाव तीच, हात तोच, सगळं तेच, पण चेंडू वळायचा उलटीकडं. फलंदाज निघायचा एका गावाला, चेंडू जायचा दुसऱ्या गावाला!

आता मला सांगा, हा चेंडू फलंदाजाला कळत नाही, मग स्टंपमागं बसलेल्या विकेटकीपरला कसा कळणार? तोही माणूसच की. इथंच खरी गंमत आहे. रणधीरचा कीपर होता अस्लम बागवान. दोघं एकाच पेठेतले, एकाच क्लबात चड्डीत खेळलेले. दोघांची एक खूण ठरलेली. रणधीरनं धावायच्या आधी डावी बाही जरा ओढली, की गुगली. बाही नाही ओढली, तर साधा लेगस्पिन. फलंदाज फसून पुढं जायचा, आणि अस्लम आधीच तिथं हात घेऊन हजर! बेल्स उडाल्या, फलंदाज बाद, पंचांचं बोट वर. असं करत करत दोघं राज्याच्या संघात गेले.

पेपरात काय यायचं? 'रणधीरची जादू.' टीव्हीवर कोण दिसायचं? रणधीर. गावात कमान कुणाच्या नावाची? रणधीरची. अस्लम कमानीखालून स्कूटरवरून जायचा आणि वर बघून हसायचा. मनापासून हसायचा, बरं का!

पण स्तुती फार वाईट, मंडळी. पोटात गेली की चढते. एका मॅचला अस्लमकडून एक स्टंपिंग सुटलं. चेंडू खाली राहिला, हातात बसला नाही. तोच फलंदाज पुढं शतक मारून गेला. आणि रणधीर सगळ्या संघासमोर ओरडला, "अस्ल्या, हातात ग्लोव्हज घातलेस का बाजारच्या पिशव्या? माझ्या जिवावर टीममध्ये आहेस तू, ध्यानात ठेव!"

बोलला. बोलून गेला. आपणही घरात असंच बोलतो की नाही? खाली बघू नका, उत्तर द्या!

अस्लमनं हेल्मेट सरळ केलं आणि म्हणाला, "पुढचा टाक भावा."

दुसऱ्या दिवशी रणधीरनं काय केलं? खूण बंद! गुगली टाकली, पण बाही ओढलीच नाही. चेंडू अस्लमच्या खांद्यावर बसला आणि मागं चौकार गेला. षटक संपल्यावर अस्लम जवळ आला.

"रण्या, खूण दिली नाहीस?"

"फलंदाज ओळखाय लागलेत ती. आता खूण नाही. जमत असलं तर धर."

मंडळी, खरं बोलला का तो? साफ खोटं! एकाही फलंदाजानं ती खूण ओळखली नव्हती. त्याला फक्त अस्लमची फजिती बघायची होती. विचार करा, आपलीच मॅच, आपलेच रन जाणार, आणि तरी माणूस हे करतो. राग आला की माणूस स्वतःच्याच घराचं कौल काढून शेजाऱ्याला मारतो.

मग पुढच्या मॅचेस. चेंडू कधी छातीवर, कधी हनुवटीवर, कधी पायांमधून थेट सीमेपार. लोक ओरडायचे, "कीपर बदला!" एक दिवस कॅप्टन मोहितेनं दोघांना समोर घेतलं. म्हणाला, "अस्लम, काय चाललंय? डोळे दाखवून ये एकदा."

सांगता आलं असतं ना अस्लमला? "हा मला खूण देत नाही." एवढंच वाक्य! पण त्या वेळी रणधीरचं नाव देशाच्या संघासाठी बोललं जात होतं. अस्लमच्या मनात आलं, आता असं काही कानावर गेलं तर याचं होणारं काम मोडेल. तो म्हणाला, "माझंच चुकतंय, कॅप्टन."

आणि रणधीर? रणधीर तिथंच वाकून बुटाची नाडी बांधत होता. सुटली नव्हती, तरी बांधत होता!

अस्लमला बाहेर बसवलं. वय वाढलेलं. या हंगामात बाहेर गेलेल्या कीपरला पुढच्या हंगामात कोण बोलावतोय? त्याला ठाऊक होतं, आपलं खेळणं आता संपत आलं. त्याच्या जागी निमकर नावाचा चपळ गडी आला. आता रणधीरनं खूण सुरू केली बरं का, निमकरसाठी! पण खूण कळणं वेगळं, आणि त्या हातचा चेंडू आयुष्यभर धरलेला असणं वेगळं. निमकरचे हात पोचायचे, पण जरा उशिरा. फलंदाजांना ते कळलं, मग ते बिनधास्त पुढं येऊन ठोकायला लागले. रणधीरच्या विकेटा आटल्या. देशाच्या संघासाठी निघालेलं नाव मागं पडलं. जादूगार तोच, टोपी तीच, पण ससा निघेना!

आता ऐका, खरी गोष्ट इथं आहे! उपांत्य सामना. शेवटचा दिवस. समोरच्या संघाला थोडेच रन हवेत आणि आपल्याला एकच विकेट. खेळतोय एक डावखुरा, जमलेला, हसतमुख, दणादण मारणारा. तेवढ्यात निमकरच्या बोटावर चेंडू बसला. बोट सुजलं, गडी बाहेर. आता मागं उभं कोण राहणार? राखीव अस्लम! कितीतरी दिवसांनी पॅड बांधून आला आणि स्टंपमागं बसला.

रणधीरच्या हातात चेंडू. त्यानं बाही ओढली, गुगली टाकली. डावखुरा चुकला, पण चेंडू अस्लमच्या हाताला लागून बाजूला पडला. स्टंपिंग गेलं! रणधीर धावत गेला.

"अस्ल्या, बाही ओढली होती मी!"

अस्लम म्हणाला, "मी तिकडं बघत नाही आता. तुझ्या भरवशावर बघत होतो, तेव्हा छातीवर घेतलेत. तू टाक. मी नुसता चेंडू बघून अडवतो."

रागानं नाही हो बोलला! शांतपणे बोलला. रागानं बोलला असता तर रणधीरला सोपं गेलं असतं.

रणधीर परत आपल्या जागी गेला. उभा राहिला. आणि तो धावायच्या ऐवजी चालायला लागला — पंचांच्या शेजारून, सरळ पिचच्या कडेनं, अर्ध्यात येऊन थांबला. डावखुरा बघतोय, पंच म्हणतायत, "चला, वेळ जातोय." आणि रणधीर मोठ्यानं बोलला.

"मोहिते, तूपण ऐक. अस्लमचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला खूण देणं बंद केलं होतं. मुद्दाम. त्याची जागा माझ्यामुळं गेली. आणि अस्लम, हा चेंडू गुगली आहे. सगळ्यांसमोर सांगतोय, म्हणजे तुला शंका नको."

अहो, स्लिपमधल्या गड्यानं कपाळावर हात मारला! समोर फलंदाज उभा, मराठी त्याला कळो न कळो, गुगली शब्द तर कळला ना! एक विकेट हवी असताना हा माणूस आपलं हत्यार शत्रूला दाखवून आला!

डावखुरा हसला. मुरलेला खेळाडू तो. त्यानं मनाशी हिशेब केला — असं कुणी सांगतं का? म्हणजे हा नक्की साधा लेगस्पिन टाकणार, चेंडू आत येणार! जगाला खोट्याची इतकी सवय झालीय मंडळी, की खरं बोललं तर लोकांना तोच डाव वाटतो!

रणधीर धावला. हात वर. चेंडू गेला, हवेत थांबल्यासारखा झाला. डावखुरा पुढं आला, आणखी पुढं आला. टप्पा! चेंडू वळला बाहेर! बॅट हवेत! आणि अस्लम? अस्लमनं या खेपेला भरवसा ठेवला होता. चेंडूच्या आधी त्याचे हात तिथं होते. एक झटका आणि बेल्स खाली! पंचांचं बोट वर!

वाजवा रे मृदंग!

सगळे रणधीरकडं धावले, आणि रणधीर धावला अस्लमकडं. पायाला हात लावायला वाकला. अस्लमनं त्याला उठवलं आणि म्हणाला, "लई वेळ लावलास भावा." दोघं रडले. रडायलाच हवं होतं.

मग कॅप्टन मोहिते आला. म्हणाला, "रणधीर, मॅच जिंकून दिलीस. पण फायनलला तू बाहेर. अस्लम खेळेल." काय म्हणाला रणधीर? "बरोबर आहे." आणि फायनलला हा मोठा गोलंदाज पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावत होता. गावातल्या त्या कमानीखालून जाताना दिसली नसेल एवढी ऐट त्याच्या चालीत होती!

आता तुमच्याकडं येतो. सुटलात असं समजू नका! पेपरात धावफलक कसा छापतात ठाऊक आहे? 'यष्टिचीत बागवान, गोलंदाज इंगवले.' मागं उभ्या राहिलेल्याचं नाव आधी, गोलंदाजाचं नंतर. एवढी समज पेपरवाल्याला आहे. आपल्याला आहे का? तुम्ही 'मी केलं' म्हणता, तेव्हा मागं कोण उभं होतं? कुणाच्या छातीवर चेंडू बसले, आणि तरी कोण म्हणालं, "माझंच चुकतंय"?

मला विचाराल, तर माझ्या मागं हे टाळकरी उभे आहेत. मी सूर सोडतो, हे धरतात, आणि हार माझ्या गळ्यात पडतो. म्हणून आज हा हार आधी त्यांच्या गळ्यात. घ्या बाळूतात्या, वाका जरा! आणि तुम्ही सगळे, आता देवाचं नाव घ्यायला तोंड उघडाल, त्याच्या आधी मनात एक नाव घ्या, जे आजवर कधी घेतलं नाही. घेतलं? खरंच घेतलं? मग आता उठा, हात वर करा, आणि गजर असा होऊ द्या की ते माणूस जिथं असेल तिथं त्याला ऐकू जाईल!